बहिणीच्या मापाची फ्रेम

आमच्या घरात ट्रॅक म्हणजे रूळ. पप्पा पूर्णेला रेल्वेत ट्रॅकमन आहेत. त्यामुळे धाकटी बहीण ट्रॅकवर सायकल चालवते हे गल्लीत कुणाला पटकन कळलं नाही. शेजारच्या मावशींनी आईला विचारलं होतं, "अन् गाडी आली म्हंजे?" आई हसली नाही. तिलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

कडेला उतरत्या छपरासारखं उचललेलं सिमेंटचं गोल मैदान आणि त्यावर बिनब्रेकची, एकाच गिअरची सायकल, असा तो खेळ. तसं मैदान आमच्या जिल्ह्यात नाही. बहिणीने ते पहिल्यांदा पुण्याच्या शिबिरात पाहिलं. एरवी ती विहारामागून निघून नांदेडच्या रस्त्यावर सराव करायची.

त्या वर्षी तिचं कनिष्ठ गटातलं शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्यानंतर राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. संघात आली तर पुढे राहण्या-खाण्याची, सरावाची सोय होणार होती. नाही आली तर सायकल सुटणार, हे घरात कुणी न बोलताच ठरलेलं होतं. शिबिरातून मिळालेली उसनी सायकल स्टीलची होती आणि तिला मोठी पडायची. कितीही वाकली तरी पाठ वर राहायची आणि सगळा वारा अंगावर यायचा.

मी परभणीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिच्या मापाची कार्बनची फ्रेम प्रोजेक्टला घेऊ का, हे सरांना विचारताना माझं वाक्य मध्येच दोनदा अडकलं. सर म्हणाले, "घ्या. पण अर्धवट ठेवू नका."

वाचताना एक गोष्ट मला कळली होती. वारा सायकलपेक्षा माणसाला जास्त अडवतो. म्हणून आधी बहिणीचं माप घेतलं. आईने शिवणाचा टेप धरला, बहीण स्टुलावर ओणवी झाली आणि मी भिंतीवर खडूने तिच्या पाठीची रेघ काढली.

"हलू नको."

"नाकावर माशी बसलीय दादा."

"बसू दे."

"तुझ्या नाकावर बसली असती म्हंजे कळलं असतं."

त्या रेघेखाली मी फ्रेम आखली. नळ्या गोल न ठेवता माशाच्या अंगासारख्या केल्या, समोर भरीव गोलाई आणि मागे निमुळत्या. लॅबच्या कॉम्प्युटरवर वारा लाल-निळ्या रेघांनी दिसायचा. लाल, म्हणजे अडलेला वारा, कमी झाला की मी फोटो काढून तिला पाठवायचो. ती लगेच विचारायची, "म्हंजे किती पुढं जाईन?" मी लिहायचो, "जाशील."

प्रत्यक्ष फ्रेम करायला मे उजाडला. फोमच्या साच्यावर कार्बनचं कापड रेझिन नावाच्या घट्ट रसायनाने चिकटवायचं, ते वाळलं की त्यावर दुसरा थर. पण वर्कशॉपच्या पत्र्याखाली एवढी उष्णता होती की कालवलेलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत मगातच तापून दगड व्हायचं. पहिला मग ब्रशसकट फेकावा लागला. घरी फोनवर हे बोललो तर बहीण म्हणाली, "मग आपला कूलर आणते ना."

पप्पा आणि ती पॅसेंजरने कूलर घेऊन आले. टीसीने विचारलं, "हे कुठं चाललंय?" पप्पा म्हणाले, "पेशंटसाठी हाय साहेब, परभणीला." बहीण ही नक्कल करून दाखवताना हसून हसून खाली बसली. काम संपेपर्यंत आई घरी अंगावर ओला टॉवेल टाकून झोपत होती.

कूलर लावला, बहीण मदतीला येऊ लागली आणि रेझिन ऐकायला लागलं. घाई न करता कापड लावता येऊ लागलं. सकाळी थरावर हात फिरवला की जरा चिकट, साबणासारखं लागायचं. आम्हाला वाटलं, अजून वाळलं नाही. आम्ही कूलर आणखी जवळ ओढला.

फ्रेम निघाली तेव्हा काळी, चकचकीत होती. स्टँडवर लावून बहीण तिच्यावर बसली. तिची पाठ अगदी भिंतीवरच्या रेघेसारखी आडवी आली. ती नुसती हँडल धरून बसून राहिली.

मग सरांनी खिशातून नाणं काढलं आणि फ्रेमवर ठोकत गेले. टक, टक, टक. पेडलच्या जोडाजवळ आवाज बदलला. थप. मागच्या नळीवरही थप.

आत थर एकमेकांना धरलेच नव्हते. कूलरच्या ओल्या हवेने प्रत्येक थरावर तीच साबणासारखी साय धरली होती आणि आम्ही ती न धुता वर पुढचं कापड चिकटवलं होतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुसरं काही नसलं तरी हवा कोरडी असते. तीसुद्धा आम्ही ओली करून घेतली.

"हिच्यावर तिला बसवू नका," सर मला हळूच म्हणाले. पण तिने ऐकलं होतं.

"थोडं वाजलं म्हणून काय झालं? मी हळू चालवते ना."

"ट्रॅकवर हळू असतं का?" मी म्हणालो.

ती खाली उतरली. नवं कापड मागवून पुन्हा करायला दिवस उरले नव्हते.

पप्पा कूलर न्यायला आले. "कामाला आला ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आला पप्पा." बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि कूलरची दुसरी बाजू धरली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी फ्रेम उचलून "वा, किती हलकी," म्हटलं. मार्क चांगले पडले.

चाचणीला ती स्टीलच्याच सायकलवर गेली. मी कठड्याशी उभा होतो. सुरुवातीला बरी चालली होती. मग दमली तशी पाठ वर येत गेली, आणि प्रत्येक फेरीत मला ती आणखी उभी दिसायला लागली. नावं वाचली त्यात तिचं नव्हतं. ती म्हणाली, "थांब, परत वाचतील." कुणी परत वाचलं नाही.

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. तिने विचारलं, "दादा, पोलीस भरतीचं ग्राउंड कधी असतंय रे?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."