मी दिलेलीच पिशवी घ्या

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा 'चहा टाकू का' असं विचारून मोकळी झाले. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखत असाल? माझा ब्लॉग वाचत असाल? ही भीतीसुद्धा आहेच. हल्ली मला कशाची भीती वाटते हे विचारू नका, कशाची वाटत नाही ते विचारा. यादी छोटी होईल.

ब्लॉग काही मोठा नाही. यांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा आम्ही तिथल्या बेहाला भागात राहायला आलो, आणि पहिल्या वर्षी मला साधी ज्वारी मिळेना. शेवटी सियालदहच्या घाऊक बाजारात सापडली. म्हटलं, आपल्यासारखी दुसरी कुणी शोधत असेल तर लिहून ठेवावं. तिथून सुरू झालं. कोकम कुठे मिळतं, मोदकाचा साचा कुठला चांगला, इथल्या दमट हवेत पापड कसे टिकवायचे. फोर्ट विल्यमच्या लष्करी तळावर नवऱ्याची पोस्टिंग झाली म्हणून आलेल्या मुली, आयटीतली नवी जोडपी, सगळी वाचायची. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात 'या ब्लॉगवाल्या वैशालीताई' अशी ओळख करून द्यायचे. मला आवडायचं. फार आवडायचं. आता तरी खोटं कशाला बोलू?

लेखात एखादी वस्तू सुचवली की तिची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी ती घेतली की ऑनलाइन दुकान मला थोडं कमिशन देतं. यात चोरून काही नव्हतं, पानाच्या तळाशी तसं लिहिलेलं होतं. पण या लिंका दिसायला भयंकर — तीन-तीन ओळींच्या, आकड्यांनी आणि चिन्हांनी भरलेल्या. आणि मी पडले डब्यांवर नावं चिकटवणारी बाई. म्हणून ब्लॉगला एक प्लगइन, म्हणजे छोटंसं जोड-सॉफ्टवेअर, जोडलं. त्यात ती लांबलचक लिंक टाकायची आणि तिला छोटं नाव द्यायचं. माझ्या ब्लॉगचं नाव आणि पुढे 'साचा', 'तवा', 'पिशवी'. वाचणाऱ्याला तेवढंच दिसतं. खरी सोय तर पुढेच आहे. ते छोटं नाव कुठल्या पानावर नेऊन सोडणार, हे प्लगइनमध्ये एकाच जागी ठरतं. तिथे बदललं की जुन्या सगळ्या लेखांत आपोआप बदलतं. लेख उघडावाही लागत नाही. मंडळातल्या दोघी-तिघींना मी हे मोठ्या कौतुकाने शिकवलं होतं.

तर — पिशवी. विजेवर गरम होणारी, शेकायची पिशवी. माझ्या कंबरेसाठी घेतली होती आणि उत्तम निघाली, म्हणून तिच्यावर लेख लिहिला. शेवटची ओळ मला पाठ आहे. 'दिसायला अशाच खूप मिळतात, पण मी दिलेलीच घ्या, मी स्वतः दोन वर्षं वापरते आहे.'

एका सकाळी प्लगइनमध्ये 'पिशवी'पुढे लाल खूण दिसली. दुकानात ती पिशवी संपली होती. लाल खूण मला सहन होत नाही, कपड्यावर डाग पडल्यासारखं वाटतं. मी दुकानात शोधलं, दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची हुबेहूब तशीच पिशवी निघाली, कमिशनही थोडं जास्त. 'पिशवी' हे नाव उचललं आणि तिच्या पानावर नेऊन सोडलं. लाल खूण गेली. लेखातली ओळ तशीच राहिली — मी स्वतः दोन वर्षं वापरते आहे. ती पिशवी मी हातातही धरलेली नव्हती. मला ते तेव्हा खटकलं का? खटकलं असावं. कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले.

आता पाटणकर काकूंकडे येते. यायलाच हवं.

काकू आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या. त्यांचा निखिल इथेच वाढला, इथेच नोकरीला लागला आणि त्याने सुदेष्णाशी लग्न केलं. सुदेष्णा बंगाली. मुलगी गोड, हट्टी, नि शिकायची हौस दांडगी. सासूशी मराठीत बोलायचं म्हणून मराठी शिकली, आणि वाचायला कशावरून शिकली, तर माझ्या ब्लॉगवरून. फोनवर बोट ठेवून एकेक शब्द वाचायची. माझी भरली वांगी वाचून केली आणि डब्यातून मला चाखायला घेऊन आली होती. मी वांग्यापेक्षा तिच्या वाचनाचं कौतुक केलं, तेव्हा लाजून लाल झाली होती.

त्या हिवाळ्यात काकूंचे गुडघे दुखायला लागले. सुदेष्णाने माझा लेख काढला, वाचला आणि मी दिलेलीच पिशवी घेतली. मांडीवर ठेवलेली असताना ती फुटली. आतलं उकळतं पाणी मांडीवरून पोटरीपर्यंत गेलं.

मला हे कळलं निखिलच्या फोनवरून. काकू हॉस्पिटलमध्ये होत्या. सगळं सांगून झाल्यावर तो सहज म्हणाला की सुदेष्णाच्या म्हणण्याप्रमाणे पिशवी तुमच्या ब्लॉगवरून घेतली, तर कंपनीला लिहिण्यासाठी जरा बघून ठेवाल का? मी हो म्हटलं. फोन ठेवला. मी मेथी निवडत होते. हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि 'पिशवी' हे नाव पुन्हा जुन्या पानावर नेऊन सोडलं. लेख उघडावा लागला नाही. काकूंना किती भाजलंय हे विचारायचं राहिलंय, हे मला त्यानंतर आठवलं. त्यानंतर! मग मी उरलेली मेथी निवडली.

आठवड्याने काकू घरी आल्या, तेव्हा भेटायला गेले. पाय बँडेजमध्ये, चेहरा उतरलेला. सुदेष्णा पायाशी बसली होती. निखिल म्हणाला, ताई आल्याच आहेत तर बघूनच टाकू. त्याने स्वतःच्या फोनवर माझा लेख काढला आणि लिंक दाबली. मी टीपॉयवरच्या पेल्याकडे बघत बसले होते. माझी चांगली पिशवी उघडली. 'सध्या उपलब्ध नाही' असं लिहिलेलं, आणि खाली दुकान दाखवतं तशी त्यासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांची रांग. रांगेत ती फुटलेलीही होती.

निखिल बायकोला हळूच म्हणाला की मग तू खालची घेतलीस.

"नाही," रांगेतल्या त्या पिशवीवर बोट ठेवत सुदेष्णा म्हणाली. "ताई, मी तुमचा लिंकच दाबला होता. हीच समोर आली. हीच."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता हो त्या नजरेत. ती मदत मागत होती. जगात एकच माणूस तिला खरं ठरवू शकत होतं, आणि ते तिच्यासमोर खुर्चीवर बसलं होतं. पाच सेकंद असतील. त्या पाच सेकंदांत मला काय दिसलं सांगू? काकूंचा पाय नाही. मला मंडळाचा हॉल दिसला, आणि माझ्याकडे बघून आवाज खाली घेणाऱ्या बायका.

"तुला मराठी वाचायची अजून सवय नाही ना," मी म्हटलं. "मी लिहिलंय बघ, दिलेलीच घ्या. ते नजरेतून सुटलं असेल. होतं असं."

किती मऊ आवाजात म्हटलं मी ते. तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

स्वतःच्या फोनमध्ये बघू का, असं तिने विचारलं, सगळं दिसत असेल त्यात.  पण काकूच म्हणाल्या की जाऊ दे गं, तू काय मुद्दाम केलंस? त्यांनी तिला माफ केलं — न केलेल्या चुकीबद्दल, माझ्यादेखत. मी चहा पिऊन निघाले.

तेव्हापासून भीती सुरू झाली. तिच्या फोनमध्ये खरंच काही राहिलं असेल का? तिने नंतर एकटीने बघितलं असेल? तारीख, वेळ, माझं छोटं नाव आणि त्याच्यापुढे ती दुसरी पिशवी? मोबाइलवर तिचं नाव आलं की मी तो पालथा ठेवते. मेट्रोत तिच्यासारखी कुणी दिसली की मी पुढच्या डब्याकडे सरकते. पुरावा तिच्याकडे आहे की नाही, ते मला माहीत नाही. माझ्याकडे आहे, हे मात्र पक्कं माहीत आहे. दुकान मला विक्रीचा अहवाल पाठवतं. त्यात घेणाऱ्याचं नाव नसतं, पण वस्तू असते आणि दिवस असतो. तिने ज्या दिवशी पिशवी मागवली त्या दिवसापुढे तीच, फुटणारी पिशवी आहे. माझ्या लिंकवरून ती एकदाच विकली गेली. म्हणजे सुदेष्णा खरं बोलली होती हे एका ओळीत लिहिलेलं आहे, आणि ती ओळ फक्त मला दिसते.

लेख मी काढून टाकला. कारण विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.

मग सुदेष्णाचे मेसेज यायला लागले. मिक्सर घ्यायचा असेल, मुलीसाठी स्वेटर घ्यायचा असेल, ती आधी पानाचा फोटो मला पाठवते आणि खाली लिहिते, 'ताई, हे बरोबर आहे ना?' पहिला मेसेज आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. वाटलं, ही मला पकडते आहे. जाळं टाकते आहे. प्रत्येक फोटो मी मोठा करून बघायचे, त्यात माझ्याविरुद्ध काय आहे ते शोधायचे. किती महिने! त्यात काहीच नसायचं. मिक्सर असायचा. तिला खरंच विचारायचं असायचं.

यंदा गणपतीत मंडळाने लहान मुलांना मराठी गोष्टींची पुस्तकं वाटली. मी पुढच्या रांगेत बसले होते, काकू शेजारच्या खुर्चीत, पाय लांब करून. तो पाय आता पूर्ण दुमडत नाही. सुदेष्णाची मुलगी तुली, पाच वर्षांची, पुस्तक घेऊन धावत आईकडे आली आणि वाच म्हणून हट्टाला पेटली. मोठी अक्षरं, पानावर दोन-दोन ओळी. सुदेष्णाने पहिलं पान उघडलं. सवयीने बोट ठेवलं. मग बोट उचललं आणि पुस्तक मिटलं.

"मावशीला दे," ती म्हणाली. "आईला नीट वाचता येत नाही. आई चुकते."

तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं, माणूस आपली उंची सांगतो तसं. इतके दिवस मी घाबरत होते की तिला माझ्याबद्दल कळेल. तिने तर माझ्यावर विश्वास ठेवला होता — स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त. तेव्हा तरी बोलायचं होतं. काकू होत्या, निखिल होता, सगळं मंडळ होतं. एक वाक्य पुरलं असतं.

तुली माझ्या मांडीवर येऊन बसली. सुदेष्णा माझ्या खुर्चीमागे उभी राहून ऐकत होती. मी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, आवाज बदलून, छान रंगवून. एकही शब्द चुकला नाही.