काकडीला सुटलेलं पाणी

मोहनाबाई जाधवांच्या घरात कुठलीच गोष्ट फेकायची पद्धत नव्हती. तांदळाचं धुवण तुळशीला, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, दोडक्याच्या शिरांची चटणी, आणि कलिंगड खाल्लं की दुसऱ्या दिवशी त्याच्या पांढऱ्या भागाची भाजी ठरलेली. तरसालीतल्या त्यांच्या सोसायटीत कचऱ्याची गाडी आली की बाकीच्या बायका भरलेले डबे उपडे करत, आणि मोहनाबाई तळाशी चार साली घेऊन उभ्या. नवरा, तुकोजीराव, चेष्टा करायचे, "आमच्या बाईसाहेब मलाही फेकायच्या नाहीत. वापरून वापरून संपवतील." त्यांचे पणजोबा म्हणे सरकारांच्या पागेत होते. पणतवाच्या वाट्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यातली फिटरची नोकरी आली, पण ऐट मात्र पागेतलीच राहिली.

ती ऐट निवृत्तीनंतर फार दिवस टिकली नाही. आधी पाय सुजले, मग जिना चढताना दम लागू लागला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा जोर कमी झालाय. पाणी मोजून प्यायचं, आणि मीठ बंद. कमी नाही, बंद. मीठ खाल्लं की अंगात पाणी साठणार आणि ते फुप्फुसात जाणार, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

त्यांची एकुलती एक मुलगी रसिका अलकापुरीत एका ऑफिसात नोकरी करायची. मुलगी बापावर गेलेली, हुकूम सोडण्यात पटाईत. तिने लोणची, पापड, फरसाण, सगळं शेजाऱ्यांना वाटून टाकलं, आणि मिठाची बरणीच उचलून आपल्या खोलीतल्या कपाटात कुलपात ठेवली. "आई, तुझा हात सवयीनं बरणीकडे जाईल. नकोच ती भानगड," ती म्हणाली. किल्ली तिच्या पर्समध्ये. तेव्हापासून तुकोजीराव अळणी, मोहनाबाई अळणी आणि रविवारी खंडोबाचा नैवेद्यही अळणी. देवाने कधी तक्रार केली नाही. तुकोजीरावांनी रोज केली.

"माती आहे ही, माती," ते ताट सरकवायचे. पुढे पुढे तक्रारही थांबली. दोन घास खाऊन उठायचे. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि मोहनाबाई आमसूल, लिंबू, जिरं, ओवा, सुचेल ते घालून बघत होत्या. नवऱ्याने पोटभर जेवावं, एवढी एकच इच्छा त्या बाईला उरली होती.

रसिकाला एक खूळ होतं, कोरियन पदार्थांचं. मालिका कोरियन, गाणी कोरियन, मग जेवण तरी मागे कसं राहील? तिची पूर्वी नावाची मैत्रीण फतेगंजला राहायची. तिने कुठूनसं तिकडचं लाल तिखट मागवलं, दिसायला जहाल आणि चवीला सौम्य. एका रविवारी सकाळी रसिकाने घरात पहिल्यांदाच कोरियन पद्धतीची काकडी करायला घेतली. जाड चकत्या कापल्या, कपाटातून बरणी आणून त्यांना मूठभर मीठ चोळलं आणि बरणी पुन्हा कुलपात टाकली. बापाच्या बाबतीत तिची हयगय नसायची. मग चकत्या घट्ट पिळून घेतल्या. लसूण, ते तिखट, तिळाचं तेल, व्हिनेगर, सोया सॉस, चिमूटभर साखर आणि वरून भाजलेले तीळ घालून सगळं कालवलं. तेवढ्यात पूर्वीचा फोन आला. रसिकाने डबा भरला, पर्स उचलली, आणि "बाबांना देऊ नकोस ग हे, मी सगळं नेतेय!" असं ओरडून ती निघाली.

मोहनाबाई तेव्हा देवापाशी होत्या. पूजा आटोपून आत आल्या तर ओट्यावर पातेलीभर पाणी. फिकट हिरवं, काकडीचा छान वास असलेलं.

आता यात मोहनाबाईंचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आपल्याकडे कोशिंबिरीत मीठ घालतात ते अगदी शेवटी, पानं घेताना. आधी घातलं तर पाणी सुटतं, हे लहान मुलीलाही आई पहिल्यांदा शिकवते. काकडी चोचवायची, हाताने पिळायची, ते पाणी थालीपिठाच्या पिठात घालायचं आणि मीठ मागाहून. पाणी सुटावं म्हणूनच आधी मीठ चोळणारे लोक जगात कुठे असतील, हे त्या बाईच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शिवाय घरात मीठ होतंच कुठे?

त्यांनी भाजणी घेतली, तीळ, ओवा, कोथिंबीर घातली आणि ते सगळं पाणी घालून पीठ भिजवलं. चाखून पाहिलं नाही. देवाला दाखवल्याशिवाय त्या काहीच तोंडात घालत नसत. नैवेद्य दाखवला आणि तुकोजीरावांचं पान वाढलं.

पहिला घास घेतला आणि तुकोजीराव थांबले. थालीपिठाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि खाली मान घालून जेवू लागले.

"कशी झालीत?" मोहनाबाईंनी विचारलं.

"चव आली, मोहना," ते म्हणाले. नावाने हाक ते कधी मारत नसत. "अजून एक टाक ने."

मोहनाबाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांनी दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. तुकोजीराव बोटं चाटूनपुसून जेवले, चौथंही संपवलं. शेवटचं थालीपीठ घेऊन मोहनाबाई जेवायला बसल्या, तुकडा तोंडात घातला, आणि त्यांचा हात ताटातच राहिला.

"अहो, हे खारट आहे!"

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच घासाला."

"मग थांबला का नाहीत? मला सांगितलं का नाहीत?"

"इतके महिने माती खातोय. आज जेवलो."

मोहनाबाई धावत ओट्यापाशी गेल्या. पातेलीच्या तळाशी राहिलेला थेंब बोटाने जिभेवर ठेवला, आणि सगळा उलगडा झाला. "पोरीनं काकडीला आधीच मीठ चोळलं होतं, हे तेच पाणी," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना फोन करते म्हणाल्या, तर तुकोजीरावांनी हात धरला. "एका दिवसानं काही होत नाही. आणि ऐक, पोरीला कळता कामा नये. जन्मभर काकडी कापताना तिला मी आठवेन." मोहनाबाईंनी ऐकलं. ते ऐकलं, हे त्यांना पुढे कधी विसरता आलं नाही.

दुपारपासून तुकोजीरावांना तहान लागली. नको नको म्हणताना त्यांनी तांब्या उचलला. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांना श्वास पुरेना. इस्पितळात डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, "काका, शुं खाधुं?" रसिका पायापाशी उभी होती. तुकोजीरावांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "नाका पर भजियां खाधां, साहेब. भूल थई गई." आणि मोहनाबाईंकडे असं बघितलं की त्यांचे ओठ मिटले ते मिटलेच.

दोन दिवसांत तुकोजीराव गेले.

रसिका रडली नाही. ती रागावली, आणि तो राग उतरेना. आपण कुलपं लावली, रजा काढून दवाखान्याच्या रांगेत बसलो, आणि हे नाक्यावर जाऊन भजी खाऊन आले! तिने बापाचा फोटो बैठकीत लावू दिला नाही. तो कपाटाच्या वरच्या फळीवर पालथा पडला. लेक बापाला नावं ठेवायची आणि मोहनाबाई खालमानेने ऐकायच्या. सांगावं तर लेकीचा जन्म जळणार, न सांगावं तर मेलेल्या माणसाची बदनामी. मिठाची बरणी स्वयंपाकघरात परत आली, पण त्यांच्या तोंडाला तेव्हापासून चव नव्हती.

वर्षश्राद्धाला धाकटे दीर उदयसिंहराव आले होते. पान वाढल्यावर म्हणाले, "काय वहिनी, दादाला भज्यांनीच नेलं शेवटी." कुणी हसलं नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी रसिकाने वर्षभरात पहिल्यांदा ती काकडी करायला घेतली. पूर्वी येणार होती. चकत्यांना मीठ चोळता चोळता ती बोलत होती. "काका बोलले ते काय खोटं? बाबांना आपल्यापेक्षा भजी प्यारी होती. मला तर त्यांची आठवणसुद्धा येत नाही."

मोहनाबाई मटार सोलत होत्या. शेंग त्यांच्या हातातून खाली पडली.

"त्यांनी भजी खाल्ली नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नाक्यावर गेलेच नव्हते ते. थालीपिठात मीठ पडलं, माझ्या हातून. सवयीनं. मला सांभाळायला खोटं बोलले. बापाला बोल लावू नकोस, मला लाव."

रसिकाने मूठभर चकत्या उचलून पिळायला घेतल्या. मोहनाबाईंना वाटलं, तिला पटलं. एवढंच त्यांना हवं होतं. बाप सुटला, लेक सुटली, उरलेलं आपण सोसू.

"कुठलं मीठ, आई?" रसिकाने विचारलं. "बरणी माझ्या कपाटात होती. किल्ली मी फतेगंजला घेऊन गेले होते."

मोहनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. खाली पडलेली शेंग उचलून त्या पुन्हा सोलू लागल्या.

रसिकाच्या मुठीत काकडी होती. बोटांमधून पाणी पातेल्यात गळत होतं. तिने आधी आईकडे बघितलं आणि मग खाली त्या पाण्याकडे.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी हे पाणी मी ओट्यावर ठेवून गेले होते. तू त्याचं काय केलंस?"