आमच्या नृत्यवर्गाची फरशी

मंगळवार, २८ मे १९७४. मोझॅक फरशी, तीनशे चौऱ्याऐंशी चौरस फूट, पॉलिशसह फुटाला साडेचार रुपये, एकूण एक हजार सातशे अठ्ठावीस. पैसे देताना हजर चौघे: मी, माझी पत्नी, फरशीचा मिस्त्री आणि पत्नीच्या कथकच्या वर्गात तबल्याची साथ करणारे चाचा. मिस्त्रीने नोटा मोजून खिशात घातल्या आणि म्हणाला, "वैनी, आता हितं शंभर वर्सं नाचा. फरशीला काय सुदीक होत न्हाय." पत्नीने चपला काढल्या, आत जाऊन उजवी टाच एकदा जमिनीवर आपटली आणि म्हणाली, "थंड आहे." उन्हाळ्याचे दिवस होते. मी ते कौतुक समजलो.

त्याआधी नऊ वर्षे तिचा वर्ग शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या खोलीत भरत असे. भाडे तीस रुपये. जमीन मातीची, शेणाने सारवलेली. शेचाळीस मुली होत्या. जागा अंधारी होती, आणि भिंतीपलीकडून पैलवानांच्या शड्डूचा आवाज यायचा. पालक मला म्हणत, "बाई शिकवतात उत्तम, पण पोरींचे परकर शेणाने माखतात हो." मी कचेरीत हिशेबनीस होतो आणि वर्गाची वही मीच ठेवत असे, त्यामुळे तक्रारीही माझ्याकडेच येत. सारवणाला आठवड्याला दीड रुपया, वर्षाला अठ्ठ्याहत्तर. कसबा बावड्याच्या वाटेवर आम्ही प्लॉट घेतला आणि दोन खोल्यांबरोबर एक हॉल बांधला, तेव्हा मी हिशेब मांडला की फरशीचा खर्च बावीस वर्षांत सारवणातून फिटतो, आणि पुढचे सगळे फुकट. पत्नीला मी फरशीचे तीन नमुने दाखवले. तिने फिका पिवळा पसंत केला. म्हणजे मी तिला रंग विचारला होता. फरशी हवी का, हे विचारले नव्हते.

हॉल चालला. एका वर्षात शेचाळीसच्या एकशे आठ मुली झाल्या. अठरा-अठरा जणींच्या सहा तुकड्या. स्वच्छ हॉल, दोन पंखे, दाराशी चपलांसाठी फळी. गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याच्या मळीचा वास येई, एवढेच काय ते उणे. वार्षिक कार्यक्रमाला पालकांनी खुर्च्या कमी पडल्या म्हणून भांडण केले. मी दमत होतो, पण ते यशाचे दमणे आहे असे स्वतःला सांगत होतो. सकाळी वर्ग झाडायचा, दहाला कचेरी, संध्याकाळी परत येऊन वही. पत्नी रात्री जेवण वाढताना एक पाय लांब करून बसू लागली होती. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

१९७५च्या दिवाळीनंतर मी वही तपासत होतो. मूळच्या शेचाळीस मुलींपैकी एकोणीस जणी सोडून गेल्या होत्या. एकूण आकडा वाढत असल्यामुळे ते ध्यानात आले नव्हते. कारणाच्या रकान्यात चार ठिकाणी "लग्न" होते, आठ ठिकाणी "शाळा". सात ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: टाच दुखते. पाय दुखतो. नडगी दुखते. सातही मुली वरच्या तुकडीतल्या, पाच-सहा वर्षे शिकलेल्या.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "अगं, हे बघितलंस का?"

तिने बघितलेही नाही. "मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून फरशी दाखवत होता."

दुसऱ्या दिवशी मी चाचांना विचारले. चाचांचे घराणे तीन पिढ्यांचे कोल्हापूरचे. साठी उलटली होती, पण सायकलवर तबला-डग्गा बांधून शहरातून बावड्याच्या वाटेपर्यंत यायचे. ते म्हणाले, "साहेब, असं करा. वरचा वर्ग सुरू झाला की हितं भिंतीला टेकून बसा आन् डोळं मिटा."

मी बसलो. तीनतालाची सोळा मात्रांची साधी पावले चालू झाली. मला नाचातले काही कळत नाही, पण सोळा मोजता येतात.

थोड्या वेळाने चाचांनी विचारले, "काय ऐकू आलं?"

"घुंगरू. छान एका तालात."

"आन् पाऊल?"

मी पुन्हा कान दिला. अठरा मुली नाचत होत्या आणि जमिनीवर पाय पडल्याचा आवाज जवळजवळ नव्हताच.

"बगा," चाचा म्हणाले. "मातीवर तळवा पडला की धप् वाजतोय. त्यो आवाज तबल्यात मिसळतो. हितं दगडावर तळवा आपटला तर टाच फुटंल, म्हणून पोरी पाय चोराय लागल्यात. घोटा हलवायचा, घुंगरू वाजवायचं, पाऊल वरच्या वर ठेवायचं. पावण्या लोकास्नी काय कळतंय? टाळ्या घुंगराला पडत्यात."

"नव्या पोरीही तसंच करतात?"

"नव्या तर दुसरं शिकल्याच न्हाईत की. त्यास्नी वाटतंय, ह्यालाच नाच म्हणत्यात."

पत्नी हे सारे ऐकत उभी होती. वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "पाय न चोरता करून दाखवणारी मी एकटीच उरले. म्हणून माझा गुडघा गेला." तिने साडी थोडी वर धरली. डावा गुडघा उजव्याच्या दीडपट झाला होता. डॉक्टरकडे ती दोनदा एकटीच जाऊन आली होती. ते म्हणाले होते, जमीन बदला किंवा नाच सोडा, नाहीतर सहा महिन्यांत नीट चालताही येणार नाही.

मी आधी स्वस्तातले उपाय केले. माझा स्वभावच तसा. सतरंजी अंथरली, ती गिरक्यांबरोबर सरकली आणि एक मुलगी पडली. काथ्याची चटई आणली, तळपाय सोलवटले. सुताराला जमिनीवर लाकडी फळ्या ठोकायचा दर विचारला. त्याने तीन हजार नऊशे सांगितले. घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू.

त्या शनिवारी पत्नीने वरच्या तुकडीला घुंगरू सोडायला लावले. "सोमवारपासून तुमचा वर्ग बंद," ती त्यांना म्हणाली. "तुमची फी साहेब परत देतील." मुली रडायला लागल्या. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "अगं, अठरा जणी आहेत. असं कसं बंद करायचं?"

"खोटी पावलं शिकवायचे पैसे घेऊ? तुमच्या वहीत ते कुठल्या रकान्यात लिहायचे ते सांगा."

ती मोठ्याने बोलली नाही. थकलेल्या माणसाचा आवाज होता तो. त्या रात्री मी ठरवले आणि सकाळी त्याच मिस्त्रीकडे गेलो. त्याला वाटले, कुठे भेग पडली.

"फरशी उखडायची आहे," मी म्हणालो.

"उखडून कुठली घालायची? शहाबादी?"

"माती."

त्याने विडी विझवली. "साहेब, बरं हाय न्हवं? दुनिया माती काढून फरशी घालतीया, आन् तुम्ही फरशी काढून माती? त्ये बी मी घातल्याली? माज्या हातानं न्हाय व्हायचं." त्याच्या हाताखालच्या दोघांना घेऊन मी काम केले. पाचशे त्रेपन्न फरश्यांपैकी दोनशे दहा धड निघाल्या.

मातीचे काम बावड्याच्या एका मावशीने घेतले. आमच्या मागच्या उसाच्या शेतावर ती रोजाने कामाला येई, आणि गावातल्या निम्म्या घरांच्या जमिनी तिने केलेल्या होत्या. आत आली आणि फरशीच्या तुकड्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "ह्याच्यावर नाचत हुतीसा? पाय हाईत का नाल मारलाय?" पत्नी बऱ्याच दिवसांनी हसली.

मावशी आणि तिची जाऊ दोघी अकरा दिवस राबल्या. खालची वाळू-चुन्याची भर खणून काढली. मुरूम, पांढरी माती आणि भाताचे तूस भिजवून थर घातला. धुम्मसाने ठोकला, सुकू दिला, पुन्हा ठोकला. पत्नी खुर्चीवर बसून बघे. मावशी मधूनच तिला म्हणे, "बाई, टाच टाकून बगा." पत्नी बसल्या बसल्या टाच टाके आणि नाही म्हणून मान हलवे. मावशी पुन्हा पाणी मारून ठोकायला लागे. तीन वेळा असे झाले. तिने एकदाही कुरकुर केली नाही. मी मात्र केली, कारण मजुरीचे रोज वाढत होते.

त्या अकरा दिवसांत मी कचेरीतून सुटल्यावर सायकलने सात घरी गेलो, पाय दुखतो म्हणून सोडून गेलेल्या मुलींच्या. चूक मुलींची नव्हती, माझी होती, एवढे सांगायचे होते. एका घरी मला चहा दिला आणि मुलीचे लग्न ठरल्याचे सांगितले. एका घरी वडील दारातच म्हणाले, "आता पायाच्या औषधाला लागलेले पैसेपण आणलेत काय?" सातांपैकी चौघी परत आल्या.

दुसरीकडे बातमी पसरली होती. गाडीतून मुलीला सोडणाऱ्या एका पालकाने मला सर्वांसमोर विचारले, "आम्ही पोरीला नाचायला पाठवायचं का गोठ्यात?" पहिल्या महिन्यात तेवीस मुली कमी झाल्या, पुढच्या चार महिन्यांत आणखी चौदा. एकशे आठच्या एकाहत्तर राहिल्या. राहिलेल्यांना पत्नीने पहिल्या धड्यावर आणून ठेवले. पाच वर्षे शिकलेल्यांनाही. घुंगराशिवाय, नुसता तळवा. पालक विचारत, "अजून पायच आपटतात का?" मी म्हणे, "हो, अजून पायच." अकरा महिने हे उत्तर देऊन मला कंटाळा आला होता. तिला आला असेल तर तिने सांगितले नाही.

तिचा गुडघा पूर्ण बरा झाला नाही. सूज उतरली, जिना चढता येऊ लागला, पण गिरकी गेली ती गेलीच. गिरक्या ती तोंडाने सांगून आणि परत आलेल्या चौघींपैकी एकीला पुढे उभी करून शिकवू लागली. आज त्याला दहा वर्षे झाली. वर्ग चालू आहे. मुली त्यानंतर कधीच नव्वदच्या वर गेल्या नाहीत.

मावशीच्या पैशांचे सांगायचे तेवढे राहिले. काम संपले त्या दिवशी मी तिला देऊ लागलो तर तिने हात मागे घेतला. "म्हैना जाऊ दे. भ्याग पडली तर कशाचं पैसं? बाई उभ्या ऱ्हाऊन शिकवू देत, मग घेतो." मला हा व्यवहार नवीन होता. माझ्या माहितीत सगळे आधी पैसे मागत.

महिन्याने ती सकाळीच आली. वर्ग चालू होता. ती उंबऱ्यातच बसली. पत्नी उभी राहून डाव्या पायावर भार न देता नव्या मुलींना चार मात्रांचे पाऊल दाखवत होती. चाचा वाजवत होते. जमिनीतून धप् धप् असा आवाज येत होता. मावशीने उठून चारी कोपरे पायाने चाचपून पाहिले. एका ठिकाणी करंगळीएवढी भेग होती, ती थुंकी लावून बोटाने बुजवली आणि पत्नीला म्हणाली, "बाई, गुडगा?"

"निम्मा," पत्नी म्हणाली. "पण उभी राहते."

"उभं ऱ्हायलं म्हंजे झालं की."

मी आतून पैसे आणले. दोघी, अकरा दिवस, माणशी रोज चार रुपये, अठ्ठ्याऐंशी. भेगेसाठी तिने दोन रुपये कापून घ्यायला सांगितले. मी कापले नाहीत. पूर्ण अठ्ठ्याऐंशी रुपये मावशीच्या हातात दिले. त्यातले चव्वेचाळीस तिने माझ्यासमोर मोजून जावेसाठी पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधले.