आक्काचं पोस्टर आणि भावोजी

आज पहाटे भावोजी गेले. मला ते कधीच फारसे आवडले नाहीत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

सेतुमाधवराव. माझ्या थोरल्या बहिणीचे, तुळजाआक्काचे यजमान. कुंभकोणम्‌चे रिटायर्ड ऑडिटर. बोलणं मोजकं, तेही बहुतेक चुका काढायला.

आक्का गेली तेव्हा त्यांनी तिचं पोस्टर लावू दिलं नाही.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगते. आमच्या गावात माणूस गेलं की दुपारच्या आत भिंतींवर फोटो लागतो. वर 'कण्णीर अंजली', म्हणजे अश्रूंची आदरांजली, खाली नाव-गाव. चहावाल्याचं लागतं, वकिलाचं लागतं.

आक्कानं साक्कोट्टैच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. अर्ध्या तालुक्याचे पाढे तिनं पाठ करून घेतले.

भावोजी म्हणाले, घरच्या बाईचा फोटो रस्त्यावर लावायची आपली रीत नाही. झालं.

तिच्या तिरुनागेश्वरम्‌च्या मैत्रिणीला बातमी महिन्यानं कळली. घरातला फोटोही कपाटात गेला. आक्काचा विषय निघाला की भावोजी पेपर उघडायचे. जणू बाई त्या घरात नांदलीच नव्हती.

मी भयंकर चिडले होते.

आक्काला वेड होतं बल्गेरियाचं. माझी लेक मैथिली तिथेच, सोफियात नोकरी करते. तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बसून आक्कानं आख्खी रोड ट्रिप आखली होती. दही कुठल्या गावचं, चीज घातलेली बनित्सा कुठली, मठ कुठला. ती गेल्यावर आम्ही चुलत भावंडांनी ठरवलं, जायचंच.

भावोजी येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. विमानतळावर बॅग घेऊन हजर.

"तिनं माझं बुकिंग केलेलं. रद्द कसं करायचं, मज ठावूक नाही."

(पुण्याच्या मैत्रिणींनो, हसू नका. तंजावरकडचं मराठी असंच आहे.)

व्हॅन मैथिली चालवायची. भावोजी पुढे बसून तिला स्पीड सांगायचे. जेवायला बसलं की आधी वास, मग प्रश्न. काकडी-दह्याचं गार सूप आलं तर म्हणाले, कोशिंबीर आहे, पाणी जास्त झालंय, आणि अक्रोड कशाला? दही मात्र दोन वाट्या खाल्लं. बरं आहे, म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच.

मग एका डोंगराखालच्या गावात पोचलो. मुक्काम एका आजीबाईंच्या घरी. सगळ्यांना कडकडून भूक लागलेली.

गावातल्या फाटकांवर, झाडांवर, बसथांब्यावर कागद. त्यावर माणसांचे फोटो. आम्हा कुंभकोणम्‌च्या लोकांना अर्थ विचारावा लागला नाही.

आजींच्या फाटकावरही एक होता. मिशाळ माणूस.

भावोजी तिथंच थांबले. "ह्या घरी सूतक आहे. आज इथं जेवणें नाही."

आत टेबल मांडलेलं. घेवड्याचं सूप, भात भरलेल्या मिरच्या, गरम बनित्सा. आजी दारात उभ्या, हात पुसत. आणि आमचे भावोजी बाहेरच्या बाकावर मुरुक्कूची, म्हणजे आमच्याकडच्या चकलीची, पिशवी उघडून बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैथिलीनं आजींना विचारलं आणि येऊन समजावलं. तो त्यांचा नवरा, स्तोयान. जाऊन बरीच वर्षं झाली. इथे दरवर्षी नवा कागद छापतात आणि पुन्हा लावतात. आज त्याचाच दिवस आहे.

"दरवर्षी? कशाला?" भावोजींनी विचारलं.

तोवर आजी वाडगा घेऊन बाहेर आल्या. उकडलेले गहू, वर साखर आणि अक्रोड. जो येईल त्याला चमचाभर द्यायचे, आणि त्यानं म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. भावोजींचा प्रश्न मैथिलीनं त्यांना सांगितला. त्यांचं उत्तर तिनं आम्हाला सांगितलं.

"मी एकटी त्याचं नाव किती घेणार? येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही घ्यावं, म्हणून लावते."

भावोजींनी चमचा घेतला. स्तोयानचं नाव घेतलं, गहू खाल्ले. मग आजींनी त्यांना विचारलं, तुमचं कोण गेलं?

आमच्या घरांत नवरा बायकोचं नाव घेत नाही. आक्का जिवंत असतानाही त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. मी मान खाली घालून उभी राहिले. आता पेपरही नव्हता उघडायला.

"तुळजा," ते म्हणाले. "गणित शिकवायची."

आजींनी ते नाव जमेल तसं म्हटलं आणि एक चमचा स्वतः खाल्ला. भावोजी आत आले आणि पोटभर जेवले. मिरच्यांत मीठ कमी आहे, एवढं बोलले.

परत आलो. आक्काचं वर्षश्राद्ध आलं. सकाळी दूध आणायला गेले, तर देवळाच्या भिंतीवर आक्का. पुढे बसस्टँडवर आक्का. साक्कोट्टैच्या शाळेसमोर आक्का.

भावोजींनी तारीख घातली नव्हती. ऑडिटर माणूस, आणि तारीख विसरला.

आमच्याकडे पोस्टर लागलं म्हणजे माणूस आत्ताच गेलं. लोक हार घेऊन धावत आले. तिरुप्पनंदाळहून तिचे जुने विद्यार्थी आले, टक्कल पडलेले, नातवंडं असलेले. ओसरीत बसून रडायला लागले. मी खरं सांगायला पुढे झाले, तर भावोजींनी माझा हात धरला.

"सांगू नकोस. त्यांची बाई आजच गेलीय. रडू दे त्यांना."

संध्याकाळपर्यंत ते एकेकाला पाणी देत बसले. प्रत्येकाकडून आक्काची एक तरी गोष्ट ऐकून घेतली. शेवटचा माणूस गेला तेव्हा स्वतः रडले. हमसून हमसून. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मीही रडले.

पुढच्या वर्षी पोस्टरवर तारीख होती. तरी लोक आले.

भावोजी, निवांत जा. आता तुमचं नाव घ्यायला आम्ही आहोत. तिचंही घेऊ.