संगणकातलं कॉलेज

नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदल्यांमुळे माझं कॉलेज दोनदा सुटलं होतं. चंडीगडला आल्यावर कळलं की आता इंटरनेटवरूनही पदवी घेता येते. फी मात्र आवाक्याबाहेरची होती. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले, तर साहेबांनी विचारलं, "कॉलेज किधर है?"

"कंप्यूटर में," मी म्हटलं. ते हसले आणि अर्ज परत दिला.

मग मी तळावरच्या कल्याण निधीच्या कार्यालयात गेले. तिथे जवानांच्या बायकांना शिक्षणासाठी मदत मिळायची, पण ती शिवण-टायपिंगच्या वर्गांना. तिथल्या वयस्कर सरदारजी क्लार्कनी माझा अर्ज शांतपणे वाचला.

"बेटा, पढ़ाई पूरी करोगी? पक्का?"

"पक्का, जी."

त्यांनी माझ्यासमोरच वरिष्ठांसाठी शिफारस लिहायला घेतली. महिन्याभराने मंजुरी आली.

पहिला धडा मी बाजारातल्या सायबर कॅफेत उघडला. पान उघडायला एवढा वेळ लागला, की शेजारी बसलेल्या माझ्या मुलीचा पराठा खाऊन संपला. घरी जाताना ती भेटेल त्याला सांगत होती, "मम्मी को भी होमवर्क मिला है!" मला जराही लाज वाटली नाही. उलट, चालताना मी वही मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी धरली होती.