आम्ही पॅड धुवायला शिकलो

चार जुने गॅरेजवाले एकत्र बसले की इंजिनाच्या गोष्टी निघतात, अपघाताच्या निघतात. आमच्या गॅरेजातल्या माणसांकडे मात्र धुण्याच्या गोष्टी आहेत. एक सांगावी तर ऐकणारा म्हणतो, आणखी काय झालं? आणि आणखी काहीतरी झालेलं असतंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लकडगंजात नामदेवभाऊंचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे त्यांचं घर. कामाला आम्ही दोघं, मी आणि रशीदभाई. रंगावर चमक आणायचं मशीन एकच, आणि त्यावर चढवायची लोकरीची गोल पॅडं दोन. ती मुंबईहून मागवावी लागत आणि यायला महिना लागे. चार गाड्या घासल्या की रंग घासायचं मलम, म्हणजे कंपाउंड, आणि मेण बसून पॅड भाकरीसारखं कडक व्हायचं. ते धुतल्याशिवाय पाचवी गाडी नाही.

पहिल्यांदा रशीदभाईंनी पॅड रॉकेलमध्ये बुडवलं. चिकट सगळं निघालं, पॅड पांढरंशुभ्र झालं. अर्धा तास उन्हात ठेवून त्यांनी ते एका वकिलांच्या काळ्या गाडीवर चालवलं. टपावर धुरकट थर आला. पुसला की परत यायचा. मशीन तापलं तसा पॅडातून उग्र वास सुटला. रशीदभाईंनी बटण बंद केलं, पॅड ओढून काढून अंगणात फेकलं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पेटलं नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी वकील गाडी न्यायला आले. आत बसले, काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "नामदेवराव, गाडी पॉलिशले दिली होती का मी, का स्टोव्ह दुरुस्तीले?"

पुढची चूक माझी. रॉकेल नको म्हणून मी पातेल्यात धुण्याचा सोडा टाकला आणि त्यात पॅड खळखळ उकळलं. बाहेर काढलं तेव्हा ते पुरीएवढं झालं होतं. मुंबईचं नवंकोरं पॅड. भाऊंना सांगायला निघालो. गावाकडे परत जायचं तर बसची वेळ काय, इथपर्यंत विचार करून झाला.

भाऊंनी पॅड हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, मुठीवर चढवून पाहिलं.

"मनोहर, याले दोन नाड्या लाव," ते म्हणाले. "बाळंतिणीच्या घरी कुंची म्हणून देऊन टाकू."

नोकरी राहिली. मी दोन पेले पाणी प्यायलो.

हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी पाहत होत्या. भाऊंच्या बायकोला आम्ही वहिनीच म्हणायचो. त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्या घरी स्वेटर असाच उकळते का गा?"

त्यांनी कोमट पाण्यात रिठे भिजवले, फेस काढला आणि उरलेलं पॅड त्यात हलक्या हातानं दाबत राहिल्या. पिळलं नाही. सावलीत दोरीवर टांगलं. संध्याकाळी ते नव्यासारखं फुललं होतं. इतक्या दिवसांची आमची खटपट, आणि उत्तर त्यांच्या फडताळात!

तेव्हापासून पॅडं त्यांच्या हाती गेली. एकदा लाल जीपवर चाललेलं पॅड त्या अंगणात धूत होत्या. पाणी लालभडक, आणि दोरीवर दुसरं लोकरीचं पॅड लटकलेलं. शेजारी एक लाकडाचे व्यापारी नवीनच राहायला आले होते, कांदासुद्धा न खाणारे. कुंपणाशी येऊन ते पाहतच राहिले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "भाभीजी, आज क्या काटा?"

आमच्या धंद्यात कंपाउंडनं रंग घासण्याला 'काटणं' म्हणतात.

"जीप," वहिनी म्हणाल्या.

एका उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. भाऊ स्वतः पॅड घेऊन कन्हानला गेले, नदीत रिठ्यानं धुतलं आणि वाळूवर वाळवून आणलं. त्या दिवशी सावनेरकडच्या खाणीतल्या एका साहेबांची काळी गाडी शेडमध्ये होती. साहेबांच्या मुलीचं लग्न लागलं होतं, तिला त्याच गाडीतून सासरी पाठवायचं होतं. गाडी चार वाजता हवी होती.

भाऊंनी मशीन बॉनेटला लावलं आणि लगेच उचललं. काळ्या रंगावर पांढरी वर्तुळं उमटली होती. लोकरीत वाळू राहिली होती.

भाऊंनी पाण्यात भिजवून घासायचा बारीक कागद घेतला, रशीदभाईंनी कंपाउंड. वहिनींनी जुनं मऊ लुगडं फाडून चिंध्या केल्या. चौघांनी हातानं बॉनेट घासलं. कोणी जेवलं नाही.

साहेब चारला आले. बॉनेटवरून हात फिरवत एका जागी थांबले. "इथं काही झालं होतं का?"

भाऊंनी हातातली चिंधी पाठीमागे धरली.

"झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "आता नाही."

साहेबांनी वाकून बॉनेटच्या चकाकीत स्वतःला पाहिलं, तिथंच फेटा नीट केला आणि गाडी घेऊन गेले.

मग रशीदभाईंच्या डोळ्याचं झालं. वहिनी माहेरी गेल्या होत्या. रिठे भिजवत बसायला वेळ नाही म्हणून रशीदभाईंनी घरी साबण करायला आणलेला कॉस्टिक सोडा काढला. पाण्यात टाकताच ते उसळलं आणि एक थेंब त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला.

मी त्यांना हौदाशी आडवं केलं आणि तांब्यानं डोळ्यात पाणी सोडत राहिलो. ते ओरडत होते, मी थांबलो नाही. बराच वेळ तसं केल्यावर भाऊंनी रिक्षा आणली. रिक्षात रशीदभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"काळ्या रंगावरचा बारीक ओरखडा दिसाले पाहिजे गा, मनोहर," ते म्हणाले. "तो नाही दिसला तं मी काय कामाचा?"

आठ दिवस पट्टी होती. नवव्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, चांगला डोळा तळहातानं झाकला आणि विचारलं, "काय दिसतं?"

रशीदभाई खिडकीकडे तोंड करून बसले. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते.

"डॉक्टरसाहेब," रशीदभाई म्हणाले, "बाहेर ते पांढरी फियाट कोणाची होय?"

"माझी. का?"

"डाव्या दरवाज्यावर पॉलिशचे गोल राहून गेले. कोणाकडे दिली होती?"