अक्काच्या राज्यातली मैना

त्या शनिवारी माग बंद होते. अक्कासकट आम्ही चौघे तिच्या ओट्यावर खेळत होतो. भगवानने कवड्या खाली ठेवल्या आणि विचारले, “अक्का, ह्या राज्यात लंगडं कुणीच न्हाय व्हय?” अक्काने खेळाच्या नकाशाची घडी घातली आणि ती आत गेली.

अक्का म्हणजे सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या तेलुगू विणकर घरातली थोरली मुलगी. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय अधू झाला होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी घेऊन ती चालायची. ती येते आहे हे गल्लीला आवाजावरूनच कळायचे. पण पेठेत तिची ओळख पायामुळे नव्हती. ती घरी बसून चादरींचे नक्षे काढून द्यायची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवत ती मोर काढायची, हत्ती काढायची, आणि महिन्याभराने तेच मोर नि हत्ती दुकानांच्या दारांत चादरींवर लटकलेले दिसायचे. मी एकदा तिला विचारले होते, की मोराच्या भोवती एवढ्या चौकटी रिकाम्या का सोडल्यास? ती म्हणाली, “रिकामी कुठाय? पांढरं दिसायलंय ते पण सूतच आहे की. ते काढून घेतलं तर मोर गळून पडंल.”

उरलेल्या कागदांवर तिने तिचे राज्य काढले. त्यात वेशी होत्या, किल्ले होते, बोलणारी झाडे होती, एक तळे होते आणि त्या तळ्यावर कुणी शाप टाकला होता हे अक्कालाही ठरवता आले नव्हते. खेळ असा, की प्रत्येकाने राज्यातले एकेक माणूस व्हायचे. अक्का सांगायची, “तुम्ही वेशीपाशी आलात. दार बंद आहे. आत कुणीतरी रडायलंय. काय करता?” आम्ही काय करतो ते सांगायचे आणि कवड्या टाकायच्या. जेवढ्या उताण्या पडतील तेवढे आमचे नशीब. फासे दिसले की तिची आई जुगार म्हणून ओरडायची, म्हणून कवड्या. आता असे खेळ रंगीत पेट्यांत मिळतात आणि त्यांना इंग्रजी नावे असतात. आमच्या खेळाला नाव नव्हते. “चला, राज्यात जाऊ,” एवढेच अक्का म्हणायची.

नकाशा पसरला की तिची एक सवय होती. त्यावरून बोट फिरवत ती विचारायची, “कोण राहिलं?” हा प्रश्न तिला रफिकने शिकवला. रफिक मागच्या गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा. सुरुवातीला ती त्याला दरवेळी पहारेकरी करायची. एके दिवशी तो बिथरला. “हर बार मैंच दरवाजे पे कायकू खडा रहना? मेरे कू सिपाही नक्को.”

“मग काय व्हायचंय, सांग की.”

“हकीम.”

अक्काने त्याला हकीम केले. एवढ्यावर ती थांबली नाही. पुढच्या शनिवारी राज्यात एक वेस अशी निघाली, जी फक्त रफिकसारखी दखनी बोलणाऱ्यालाच उघडायची. दुसरी तेलुगूला उघडायची, आणि अक्कलकोटच्या बाजूच्या जंगलातले भूत कानडीशिवाय काही समजून घ्यायचे नाही. त्या भुतासाठी आम्हाला तिच्या मावशीला आतून बोलावून आणावे लागायचे. मावशी त्याला अशा काही शिव्या द्यायच्या, की भूत वाट सोडायचे.

मी फारसे बोलत नसे. खेळात माझी पाळी आली की कानशिले तापायची. अक्काने मला मौनी केले. “हिला बोलायला लावू नको रे. जनावरं हिच्याशीच बोलतात,” असे तिने रफिकला बजावले. त्यामुळे मला नुसते ऐकूनही खेळता येऊ लागले. पुस्तकांबाहेर माझ्यासाठी जागा करून ठेवणारी ती पहिली व्यक्ती.

भगवान सर्वांत शेवटी आला. त्याचे गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली जाणार होते. गाव उठले, आणि घरच्यांनी त्याला शाळेसाठी पेठेत आत्याकडे ठेवले. तो आमच्याच वयाचा, पण आमच्यापेक्षा हिशेबी बोलणारा. अक्काने त्याला नावाडी केले. त्याने आपले गाव नकाशात घालायला सांगितले, तेव्हा अक्काने तळ्याच्या तळाशी त्याचे देऊळ, पार आणि विहीर काढली. ती रंगवून होईपर्यंत तो हलला नाही. त्यानंतरच त्याने लंगड्या माणसाबद्दलचा तो प्रश्न विचारला.

अक्का आत गेल्यावर रफिक त्याच्या अंगावर गेला. “क्या रे, अक्कल है क्या तेरे कू? ऐसा पूछते क्या?”

“मी वंगाळ काय बोललो?” भगवान म्हणाला. “सगळी हायती म्हणून इचारलं.”

पुढचे काही शनिवार ओटा रिकामाच राहिला. अक्का खिडकीत बसून नक्षे काढायची आणि आमच्याकडे बघायची नाही. खेळ संपला असे आम्ही धरून चाललो. मला तर अक्काच संपल्यासारखी वाटत होती. मग तिने आम्हाला बोलावणे धाडले. नकाशा पसरलेला होता. तिने भगवानला समोर बसवले.

“मी हे राज्य कशाला केलं, माहिताय का? सांगणारीला पाय लागत नाहीत. ती किल्ल्यावर असते, तळ्यात असते, तुमच्या आधी पोचलेली असते. तिथं तरी मी पळत होते. आता तिथं पण कुबडी घेऊन ये म्हणायलास तू?”

भगवानने नकाशातल्या आपल्या पारावर बोट ठेवले. मग म्हणाला, “न्हाय आणायची तर नका आणू. पर आमच्या गावात किसनातात्या हुता, एका पायाचा. गाव उठलं तवा जो तो आपलं सामान घेऊन म्होरं गेला. तात्या हाय म्हागं, त्याला दुसरा कुणीतरी बगंल, असं परत्येकाला वाटलं. सांच्याला ध्यानात आलं. तवा बैलगाडी माघारी धाडली. पारावर एकटाच बसला हुता.” बोट न उचलता तो म्हणाला, “तुमच्या राज्यात तसं होऊ न्हाय, एवढंच की.”

अक्काने कवड्या उचलल्या आणि माझ्या ओंजळीत टाकल्या. “आज तू सांग. मी खेळते.”

“मला सांगता येत नाही, अक्का.”

“इतके दिवस ऐकलीस ना? येतं मग.”

तिने आपल्या माणसाचे नाव मैना ठेवले. मैना नकाशे काढणारी होती आणि तिचा डावा पाय अधू होता. रफिक लगेच पुढे सरसावला. “मैं हकीम है ना. एक काढा देता, पाँव एकदम सीधा.”

“पायाला हात लावायचा नाही,” अक्का म्हणाली. “तो तसाच राहणार. तुझा काढा तू पी.”

मग नियमावरून वाद झाला. मैनेची चाल बाकीच्यांच्या निम्मी, हे अक्कानेच सांगितले. तिला मागे ठेवून आपण पुढे जाऊ, किल्ला जिंकू आणि तिला घेऊन येऊ, असे रफिकचे म्हणणे. भगवानने मान हलवली. “बैलगाडी माघारी धाडायचा खेळ न्हाय खेळायचा.” शेवटी ठरले, की सगळ्यांनी मैनेच्याच चालीने चालायचे. त्या दिवशी आम्ही किल्ल्यावर उशिरा पोचलो आणि सपशेल हरलो. अक्का इतकी हसली, की तिची आई बाहेर येऊन बघून गेली.

हरण्यापेक्षा मोठी अडचण माझी झाली. अक्काने वेशी आणि किल्ले काढले होते, पण त्यांच्या मधल्या चौकटींत काहीच नव्हते, कारण आजवर तिथून सगळे पळत जायचे. आता मैना तिथे थांबायची आणि विचारायची, “इथं काय आहे?” मला काहीतरी सांगावेच लागायचे. मी विहीर सांगितली, विहिरीवर भांडणाऱ्या जावा सांगितल्या, चूल पेटत नाही म्हणून चिडलेला राक्षस सांगितला. महिन्याभरात ते राज्य पूर्वीपेक्षा कितीतरी दाट झाले. तळ्याला शाप कुणी दिला तेही मैनेनेच शोधले, वाटेतल्या एका म्हातारीशी गप्पा मारता मारता. पुढे जन्मभर मी वर्गात उभी राहून शिकवले. ते बोलणे मला त्या ओट्यावर सापडले, हे मी खात्रीने सांगते.

अक्का गेल्या थंडीत गेली. शेवटपर्यंत नक्षे काढत होती. संगणक आला तेव्हा तोही शिकली आणि त्याच्यावर चौकटी फार बारीक दिसतात म्हणून कुरकुरत राहिली. रफिक आणि भगवान दोघेही आले होते. दोघांनी खांदा दिला. परतताना कुणी कुणाच्या पुढे गेले नाही.

मी आता जुळे सोलापुरात राहते. रविवारी इमारतीतली मुले माझ्या फ्लॅटमध्ये खेळायला येतात. प्रत्येकाला मैनाच व्हायचे असते आणि त्यावरून भांडणे होतात, म्हणून मी पाळी लावून दिली आहे. सध्या मैना तळमजल्यावरच्या सानियाकडे आहे, आणि बाकीचे तिच्या चालीने चालतात.